‘तुत्रा’ म्हणणारा मुलगा आणि भाषेचे घटक

प्रश्न थोडक्यात असा आहे. सव्वातीन वर्षांचा मुलगा घरात भरपूर बोलतो, पण ‘कुत्रा’ला ‘तुत्रा’ आणि ‘गाडी’ला ‘दाडी’ म्हणतो. ‘मी पोळी खाल्लो’, ‘मी करलं’ अशी वाक्ये करतो आणि अधूनमधून स्वतःबद्दल ‘मी जाते’ असेही म्हणतो. बालवाडीत ‘याच्या भाषेचे मूलभूत घटक कच्चे आहेत, घरी मराठीऐवजी इंग्रजी बोला’ असे सांगण्यात आले आहे. हे घटक म्हणजे नेमके काय, मुले ते कसे वापरतात आणि काळजी करावी का, असे पालकांनी विचारले आहे.

वाचा-भाषा उपचारतज्ज्ञ म्हणून माझे मत आधीच सांगतो. तुम्ही जी उदाहरणे दिली आहेत, त्यांतले एकही या वयात काळजी करण्यासारखे नाही. उलट त्यांतली दोन तर मुलगा मराठीचे व्याकरण स्वतःच्या बुद्धीने बांधतो आहे याचा पुरावा आहेत. मात्र ज्या गोष्टींवरून मला खरा निष्कर्ष काढता आला असता, त्या तुमच्या प्रश्नात आलेल्या नाहीत: तो काय समजतो, आणि भाषेचा उपयोग कशासाठी करतो. पालकांचा कान उच्चारांवर असतो आणि बोट शब्द मोजण्यात गुंतलेले असते. आमचे लक्ष बहुतेक वेळा दुसरीकडे असते, आणि ते का, हे घटक समजून घेतल्यावर स्पष्ट होईल.

भाषेची विभागणी वेगवेगळ्या प्रकारे करतात. आमच्या कामात सर्वांत उपयोगी पडलेली मांडणी लोईस ब्लूम आणि मार्गारेट लेही यांनी १९७८ मध्ये केली. भाषेला तीन अंगे असतात: रूप, आशय आणि वापर. रूपात ध्वनी, शब्दांना लागणारे प्रत्यय व त्यांमुळे होणारे बदल आणि वाक्यरचना येते. आशयात शब्दांचे व वाक्यांचे अर्थ येतात. आणि कोणाशी, केव्हा, कशासाठी, कोणत्या रीतीने बोलायचे हे वापरात येते. तोंडातून नीट ध्वनी निघणे ही वाचा झाली. ती भाषेचे एक वाहन आहे. बोबडे बोलणाऱ्या मुलाची भाषा उत्तम असू शकते, आणि स्फटिकासारखे स्वच्छ उच्चार करणाऱ्या मुलाची भाषा फार अडलेली असू शकते.

ध्वनींपासून सुरुवात करतो, कारण तक्रार तिथली आहे. मूल बोलू लागण्याच्या कितीतरी आधी त्याचा कान भाषेत बसू लागतो. जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, इंग्रजी बोलणाऱ्या घरांतल्या सहा ते आठ महिन्यांच्या बाळांना हिंदीतल्या ‘ट’ आणि ‘त’ मधला फरक ओळखता आला. दहा ते बारा महिन्यांच्या बाळांपैकी बहुतेकांना तो ओळखता येईना. त्यांच्या घरच्या भाषेला हा भेद नको होता, म्हणून कानाने तो बाजूला ठेवला. मराठी घरातले बाळ हाच भेद राखून ठेवते आणि पुढे त्यावर ‘ताट’ आणि ‘टाच’ उभे करते. अर्थात हे सगळे ऐकू येत असेल तर.

तोंड मात्र कानाच्या मागे असते. ओठांचे ध्वनी आधी जमतात, म्हणून आपल्या बाळबोलीत ‘मंमं’, ‘भूभू’, ‘पापा’, ‘माऊ’, ‘बाऊ’, ‘भुर्र’ यांची गर्दी आहे. चार्ल्स फर्ग्युसन यांनी १९६४ मध्ये सहा भाषांतल्या बाळबोलीची तुलना केली, त्या सहांत मराठी होती, आणि डॉ. अशोक केळकर यांनी त्याच वर्षी मराठी बाळबोलीवर स्वतंत्र लेख लिहिला. ‘मुलांशी लाडे लाडे बोलू नये, मोठ्यांसारखेच बोलावे’ असे हल्ली बरेच पालक ऐकून येतात. वर्षाच्या आतबाहेरच्या बाळाशी ‘माऊ बघ, माऊ’ असे बोलण्याने नुकसान होत नाही. ध्वनींची पुनरावृत्ती आणि आवाजातला चढउतार यांमुळे बाळाचे लक्ष शब्दावर टिकते. मूल वाक्ये बोलू लागल्यावर मात्र ‘माऊ’बरोबर ‘मांजर’ही कानावर पडू द्यावे.

तुमच्या मुलाचे ‘तुत्रा’ आणि ‘दाडी’ या एकाच नियमाच्या दोन बाजू आहेत. क, ग हे घशाकडचे ध्वनी तो जिभेच्या टोकाने काढतो, म्हणून ‘क’च्या जागी ‘त’ आणि ‘ग’च्या जागी ‘द’ येतो. अघोषाच्या (गळ्यात कंप न होता निघणाऱ्या ध्वनीच्या) जागी अघोष, घोषाच्या (कंपासह निघणाऱ्या ध्वनीच्या) जागी घोष, इतका तो काटेकोर आहे. ही सवय साधारण साडेतीन ते चार वर्षांपर्यंत आपोआप सुटते. ‘र’ला ‘ल’ म्हणणे, म्हणजे ‘घल’, ‘भाकली’, हे त्यानंतरही काही काळ चालते. ‘ळ’ आणि ‘ण’ यांनाही वेळ लागतो. घरी एक गोष्ट करून पाहा. त्याने ‘तुत्रा’ म्हटल्यावर तुम्हीही गंभीरपणे विचारा, ‘कुठे आहे तुत्रा?’ बहुधा तो चिडून म्हणेल, ‘तुत्रा नाही, तुत्रा!’ म्हणजे त्याच्या कानात आणि मनात ‘कुत्रा’ नीट आहे, फक्त जीभ अजून तिथे पोहोचलेली नाही. जीन बर्को आणि रॉजर ब्राउन यांनी १९६० मध्ये इंग्रजी बोलणाऱ्या एका मुलाबाबत हेच नोंदवले होते. अशा मुलाला दिवसातून दहा वेळा ‘क म्हण, क’ असे दरडावण्याचा उपयोग नसतो. त्याला काय म्हणायचे ते माहीत आहे.

आता रूपाचा दुसरा भाग, म्हणजे प्रत्यय आणि त्यांनी होणारे बदल. येथे थोडे रेंगाळतो, कारण मराठी मुलांचे सर्वांत थक्क करणारे काम येथे चालते आणि नेमक्या त्याच कामाला घरात ‘चुका’ म्हणतात.

मराठीत तीन लिंगे आहेत. नामाला प्रत्यय लागण्याआधी त्याचे सामान्यरूप होते, म्हणून ‘घोडा’ला ‘ला’ लावले की ‘घोड्याला’ होते. लहान मूल काही दिवस ‘घोडाला’ म्हणते. अनेकवचन करताना ‘घोडा–घोडे’, ‘पोळी–पोळ्या’ येथपर्यंत नियम दिसतो, पण ‘वीट’चे ‘विटा’ आणि ‘भिंत’चे ‘भिंती’ का, याचे उत्तर मुलाला कोणीच देत नाही. तरीही मूल नियम शोधते. बर्को यांनी १९५८ मध्ये मुलांना अस्तित्वातच नसलेल्या प्राण्याचे चित्र दाखवून, त्याला बनावट नाव देऊन, दोन असतील तर काय म्हणशील असे विचारले होते. मी तपासणीत याचे मराठी रूप वापरतो: ‘हा बघ टिमा. आता अजून एक आला. हे दोन…?’ ‘टिमे’ असे उत्तर आले, आणि ‘ही लुपी, या दोन…?’ यावर ‘लुप्या’ आले, की मला कळते की हे मूल पाठ केलेले परत म्हणत नाही, नियम चालवते आहे. ‘टिमे’ हा शब्द त्याने जन्मात ऐकलेला नसतो.

‘करलं’ हे याच जातीचे आहे. ‘बस’चे ‘बसलं’, ‘पड’चे ‘पडलं’, ‘हस’चे ‘हसलं’, तर ‘कर’चे ‘करलं’च व्हायला हवे, ‘केलं’ हे अपवादात्मक रूप आहे. गंमत अशी की काही मुले आधी ‘केलं’ बरोबर म्हणत असतात आणि मग अचानक ‘करलं’ म्हणू लागतात. पालकांना वाटते मूल मागे गेले. प्रत्यक्षात आधीचे ‘केलं’ ऐकून उचललेले होते, आणि आता नियम सापडल्यामुळे तो सगळीकडे लावून पाहणे सुरू झाले आहे. पुढे अपवाद आपल्या जागी परत येतात.

‘मी पोळी खाल्लो’ हे उदाहरण तर मला फार आवडले. तुमच्या मुलाच्या बाजूने विचार करून पाहा. तो ‘मी पोळी खातो’ म्हणतो तेव्हा क्रियापद त्याच्याप्रमाणे चालते. तेच कालचे सांगायचे झाले की मोठी माणसे म्हणतात ‘मी पोळी खाल्ली’, ‘मी आंबा खाल्ला’, ‘मी केळं खाल्लं’. क्रियापद एकाएकी खाणाऱ्याला सोडून खाल्लेल्या वस्तूच्या मागे जाते. बरे, भूतकाळात नेहमीच असे होते म्हणावे, तर ‘मी आलो’, ‘मी झोपलो’ येथे ते पुन्हा कर्त्याकडे येते. कर्म असले की असे होते म्हणावे, तर ‘मी नाव विसरलो’, ‘मी गाणं शिकलो’ येथे कर्म असूनही होत नाही. ज्या मुलाने ‘विसरलो’ आणि ‘शिकलो’ ऐकले आहे, त्याने ‘खाल्लो’ म्हटले तर त्यात तर्कदुष्टता कसली? काही बोलींत तर मोठी माणसेही अशी रूपे वापरतात. हे सगळे नियम पाचव्या वर्षाच्या आसपास बहुतेक मुलांना, कोणीही न शिकवता, वापरता येऊ लागतात, आणि मग शाळेत आठ-दहा वर्षांनी तेच ‘कर्मणी प्रयोग’ या नावाने आल्यावर ती घाबरतात, हा भाग वेगळा.

‘मी जाते’ याचे कारण सोपे आहे. दिवसभर आई, आजी किंवा सांभाळणाऱ्या मावशी यांचे बोलणे कानावर पडत असेल, तर ‘मी’बरोबर ऐकू येणारे रूप ‘जाते’, ‘करते’ हेच असते. मुलगे यातून गेले नाहीत तरच नवल. वडील, आजोबा, दादा यांच्या बोलण्यातून आणि मित्र मिळाल्यावर ते बदलते. येथे घरची बोलीही लक्षात घ्यावी लागते: कोल्हापूरकडच्या अनेक घरांत स्त्रियाही ‘मी जातो’, ‘मी आलो’ असे सहज म्हणतात, आणि तिथली मुलगी तसे बोलली तर ती आपली बोली अगदी अचूक शिकते आहे. पुस्तकी मराठीचा काटा घेऊन तपासणाऱ्याने हे न पाहिल्यास तो निरोगी मुलाला रुग्ण ठरवील.

वाक्यरचनेबद्दल थोडेच सांगतो. दीड ते दोन वर्षांच्या दरम्यान ‘बाबा गेले’, ‘पाणी दे’ अशी दोन शब्दांची जोडणी सुरू होते, आणि तिसऱ्या वर्षी तीन-चार शब्दांची वाक्ये येतात. नकार मराठी मुलांना लवकर सापडतो, कारण ‘नको’ हा एकच शब्द पूर्ण काम करतो. मग ‘नाही’ आणि ‘नको’ यांच्या हद्दी ठरेपर्यंत ‘मला जायचं नको’ अशी वाक्ये येत राहतात. ‘बाबांनी आणलेली गाडी कुठंय?’ असे, वाक्यात वाक्य गुंफलेले बोलणे चौथ्या वर्षाकडे ऐकू येऊ लागले की आम्ही समाधानाने मान हलवतो. समज तपासण्यासाठी मी दोन खेळण्यांचा उपयोग करतो. ‘घोडा गाईला ढकलतो, दाखव’ हे बहुतेक मुले करतात. ‘घोड्याला गाय ढकलते’ म्हटले की लहान मूल आधी आलेल्या घोड्यालाच ढकलायला लावते, आणि जरा मोठे मूल ‘ला’ ऐकून गाय उचलते. एवढ्याशा ‘ला’वर त्याचे लक्ष गेले, यात बरेच काही आले.

आशयाच्या अंगात शब्दसंख्या येते, पण ती एकटी नव्हे. दोन वर्षांच्या मुलाकडे निदान ५० शब्द असावेत आणि तो दोन शब्द जोडत असावा, हा ठोकताळा जगभर वापरतात व तो उपयोगी आहे. त्याहून महत्त्वाचे असते ते शब्दांचे वैविध्य. नुसत्या वस्तूंची नावे असून भागत नाही. ‘दे’, ‘उघड’, ‘पडलं’, ‘संपलं’, ‘वर’, ‘आत’, ‘अजून’ असे शब्द हवेत, कारण त्यांच्याशिवाय वाक्य बनत नाही. सगळ्या चौपायांना ‘भूभू’ म्हणणे हा अर्थ ताणण्याचा प्रकार सर्वत्र आढळतो. प्रत्येक पुरुषाला ‘काका’ म्हणणे मात्र आपल्याकडे चूक ठरत नाही, आपण स्वतःच ते शिकवतो. ‘काल’ म्हणजे होऊन गेलेले सगळे आणि ‘उद्या’ म्हणजे यायचे सगळे, असा हिशेब चार-पाच वर्षांपर्यंत चालतो. क्रियापदांत मराठी फार चिकित्सक आहे: शर्ट घालतात, साडी नेसतात, चष्मा लावतात. मूल ‘आजीने साडी घातली’ म्हणाले तर बिचकू नये. हल्ली मोठ्यांनाही ‘नेसणे’ आठवावे लागते.

तिसरे अंग वापराचे. तक्रारीत ते क्वचितच येते आणि माझ्या दृष्टीने सर्वांत वजनदार तेच. तपासणीला अशी मुले नेहमी येतात, ज्यांना इंग्रजी मुळाक्षरे, १०० पर्यंत आकडे, सगळे रंग आणि रस्त्यावरच्या प्रत्येक मोटारीचे नाव येते, उच्चारही स्वच्छ असतात, आणि आईवडील अभिमानाने ते म्हणवून घेतात. पण पाणी हवे असेल तर ते मूल आईचा हात धरून माठाकडे नेते. ‘आई, पाणी’ म्हणत नाही, तिच्याकडे पाहतही नाही. खिडकीबाहेर बैल दिसला तर बोट दाखवून मागे वळून ‘बघ!’ असे कोणालाच सांगत नाही. शब्द आहेत, पण ते कोणाकडे जात नाहीत. याउलट दुसरे मूल दहा-बारा शब्दांचेच असते, तेही अर्धवट, पण हातवारे, नजर, आवाज सगळे पणाला लावून काल काय झाले ते सांगते. पहिल्या मुलाची मला तातडीने तपासणी करावीशी वाटते.

वापर मराठीत व्याकरणातही उतरलेला आहे. ‘आम्ही बागेत जातो’ आणि ‘आपण बागेत जाऊ’ यांत ऐकणारा धरला आहे की वगळला आहे, हे बोलताना ठरवावे लागते. म्हणजे ‘आपण’ अचूक वापरणाऱ्या मुलाला समोरच्याचे स्थान कळू लागले आहे. आजीला ‘अगं’, आजोबांना ‘अहो’, दादाला ‘अरे’, हे कोणत्या घरात कसे चालते तेही मूल टिपते. आणि ‘ना’! ‘मी ना, काल ना, आजीकडे ना, एक मोठ्ठा बैल ना…’ हे ऐकताना मोठ्यांचा जीव टांगणीला लागतो, पण या ‘ना’चे काम पक्के आहे. पुढचा शब्द शोधेपर्यंत तो ऐकणाऱ्याला धरून ठेवतो, ‘माझे संपलेले नाही, मध्ये बोलू नकोस’ असे बजावतो आणि तू ऐकतो आहेस ना याची खातरीही करून घेतो. तुमचा मुलगा असा ‘ना ना’ करत गोष्ट सांगत असेल, तर शाळेचे ‘घटक कच्चे’ हे शब्द तुम्ही मनातून काढून टाकायला हरकत नाही.

काळजी केव्हा करावी, तेही स्पष्ट सांगतो. वर्षाचे झाल्यावरही बाळ ‘बाबा’, ‘दादा’ असे बोबडे ध्वनी काढत नसेल किंवा बोट दाखवणे, टाटा करणे असे हावभाव करत नसेल. १६ महिन्यांपर्यंत एकही शब्द नसेल. दोन वर्षांपर्यंत दोन शब्दांची स्वतःची जोडणी नसेल. किंवा कोणत्याही वयात आलेली भाषा गेली असेल, तर ‘याचे बाबाही उशिरा बोलले होते’ या वाक्यावर थांबू नये. तीन वर्षांच्या मुलाचे साधारण तीन चतुर्थांश बोलणे परक्या माणसाला कळावे. फक्त आईलाच कळत असेल तर दाखवून घ्यावे. हातवारे न करता, नजरेने न सुचवता, ‘पुस्तक कॉटवर ठेव आणि चप्पल आण’ असे सांगून पाहा. सव्वातीन वर्षांच्या मुलाला हे जमायला हवे.

आणि बोलण्याविषयी जराही शंका असल्यास पहिली चाचणी कानांची. टाळी वाजवल्यावर मूल वळते, यावरून काहीच सिद्ध होत नाही. सौम्य श्रवणदोष असलेले मूलही वळते. वारंवार सर्दी होणाऱ्या मुलांच्या कानाच्या पडद्यामागे द्रव साचून ऐकणे कमीजास्त होत राहते, आणि त्याचा पहिला फटका ‘स’, ‘त’, ‘ला’ अशा हलक्या आवाजाच्या अक्षरांना, म्हणजे मराठीतल्या प्रत्ययांनाच, बसतो. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय वाक् व श्रवण दिव्यांगजन संस्था १९८३ पासून हे काम करते. जिल्ह्याच्या ठिकाणी, २०१३ मध्ये पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखालील जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात चौकशी करावी. अंगणवाडीत येणारे तपासणी पथकही तिकडे पाठवू शकते. खासगी तज्ज्ञाकडे गेल्यास भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी आहे का, ते विचारून घ्यावे.

राहिला घरी इंग्रजी बोलण्याचा सल्ला. तो पाळू नका. दोन भाषा ऐकल्याने मुलाची भाषा मागे पडत नाही, आणि ‘डोअर क्लोज करून टाकला’ असे म्हणणारे मूल गोंधळलेले नसते. शब्द इंग्रजी असले तरी प्रत्यय, क्रम आणि लिंग यांचा सगळा सांगाडा त्याने मराठीचा ठेवलेला असतो. जी भाषा आईवडिलांना थकून आल्यावर, रागावल्यावर, लाड करतानाही सहज येते, त्याच भाषेत मुलाला लांब वाक्ये, कारणे, चेष्टा आणि गोष्टी ऐकायला मिळतात. शिकून बोललेल्या इंग्रजीत ‘कम हिअर’, ‘सिट डाउन’, ‘व्हॉट कलर इज धिस’ एवढेच उरते, म्हणजे वापराच्या अंगाचे दार बंद होते. हीच कमतरता मोबाइलवरच्या इंग्रजी गाण्यांनी भरून काढण्याचाही प्रयत्न होतो. पॅट्रिशिया कुल यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात अमेरिकी बाळांनी समोर बसून खेळणाऱ्या माणसाकडून चिनी ध्वनी उचलले. तीच माणसे, तेच बोलणे पडद्यावर दाखवले तेव्हा काहीच उचलले नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी पडद्याची मर्यादा दिवसाला एक तास सांगितली आहे, आणि त्याहून कमी असेल तर अधिक चांगले, असेही म्हटले आहे.

घरी करायचे ते एवढेच. तो ‘मी पोळी खाल्लो’ म्हणाला की ‘असं नाही म्हणायचं’ न म्हणता, ‘हो का? तू पोळी खाल्ली? कशाबरोबर खाल्ली?’ असे विचारावे. बरोबर रूप दोनदा त्याच्या कानावर पडते, बोलणे तुटत नाही, आणि पुढचे सांगण्याची पाळी त्याच्याकडेच राहते. ‘तुत्रा’साठी चौथ्या वाढदिवसापर्यंत थांबा, त्यानंतरही ‘क’ आणि ‘ग’ आले नाहीत तर थोड्या बैठकांत ते शिकवता येतात. कानांची चाचणी मात्र याच महिन्यात करून घ्या, आणि तिचा लेखी अहवाल बालवाडीतही दाखवा.